'प्रकाश म्हणजे प्रेम, अंधार म्हणजे मृत्यू' हा तक्ता 'रोमिओ अँड ज्युलिएट'ला का पुरत नाही?

आपला प्रश्न मला समजला तो असा. दापोली तालुक्यातील एका महाविद्यालयात पदवीच्या पहिल्या वर्षाला आपण यंदा शेक्सपिअरचे 'रोमिओ अँड ज्युलिएट' शिकवत आहात आणि आशयसूत्रे व प्रतिमा यांसाठी आपल्या हाती चार तासिका आहेत. बाजारातील मार्गदर्शिकेत एक तयार तक्ता आहे : प्रकाश म्हणजे प्रेम, अंधार म्हणजे मृत्यू, तारे म्हणजे नशीब, फूल म्हणजे तारुण्य. तो आपण फळ्यावर लिहिलात, आणि मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले की, ज्युलिएट तर तिसऱ्या अंकात रात्रीला 'लवकर ये' म्हणून आळवते, मग ती मृत्यूला बोलावते असे लिहायचे का? आपल्याला त्या वेळी उत्तर सुचले नाही. त्याला जोडूनच आपण विचारले आहे की, या शोकांताचा दोष नशिबावर ठेवावा की त्या दोघांच्या उतावीळपणावर.

त्या मुलीने तक्त्यातील चूक नेमकी पकडली आहे. प्रतिमा म्हणजे भावफलक नव्हे, की एका बाजूला वस्तू आणि दुसऱ्या बाजूला तिची ठरलेली किंमत. रत्नागिरी जिल्ह्यात मी एकतीस वर्षे इंग्रजी साहित्य शिकवले आणि सुट्टीत हौशी नाटके बसवली. या दोन्ही कामांतून माझी एक सवय बनली आहे. प्रतिमा दिसली की ती कशाचे प्रतीक आहे हे मी सर्वांत शेवटी विचारतो. आधी तीन गोष्टी पाहतो : ती कोणाच्या तोंडी आहे, नाटकातील घड्याळात त्या वेळी किती वाजले आहेत, आणि याच माणसाने हीच प्रतिमा यापूर्वी कशी वापरली होती. या तीन प्रश्नांची उत्तरे समासात पेन्सिलीने लिहिली, तर बहुतेक वेळा आशयसूत्र आपोआप हाती लागते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करतो. आपला वर्ग मूळ इंग्रजी वाचत असेल तर शब्दाशब्दाला थांबता येईल. मराठी अनुवादावर भर असेल तर काही प्रतिमांचे धागे अनुवादातच तुटलेले असतील आणि ते आपल्याला जोडून द्यावे लागतील. परीक्षेतील दहा गुणांच्या उत्तराला जे पुरेल, ते प्रयोग बसवणाऱ्याला पुरणार नाही. मी पुढे जे लिहितो ते वर्गात वाचून दाखवणाऱ्या शिक्षकाला धरून लिहितो.

प्रकाशापासून सुरुवात करू, कारण या नाटकात तीच प्रतिमा सर्वांत दाट आहे. कॅरोलाइन स्पर्जन या अभ्यासिकेने १९३५ मध्ये शेक्सपिअरच्या प्रतिमांवरील आपल्या ग्रंथात या नाटकाची प्रमुख प्रतिमा प्रकाश हीच असल्याचे दाखवले होते, आणि मार्गदर्शिकांतील तक्ते बहुधा तिथूनच झिरपत आलेले आहेत. झिरपताना मधली गुंतागुंत मात्र गळून गेली. रोमिओ प्रथम आपल्यासमोर येतो तो प्रकाश टाळणारा मुलगा म्हणून. त्याचा बाप तक्रार करतो की, पोरगा खोलीची तावदाने लावून घेतो, चांगला दिवस बाहेर कोंडतो आणि आत स्वतःपुरती खोटी रात्र तयार करतो. तेव्हा त्याचे प्रेम रोझालिन नावाच्या दुसऱ्याच मुलीवर आहे, ज्युलिएट त्याने पाहिलेलीही नाही. म्हणजे नाटकातील पहिला अंधार हा मृत्यूचा नाही. तो एका तरुणाच्या थोड्या दिखाऊ दुःखाचा अंधार आहे. ज्युलिएटचा बाप आणि रोमिओच्या घराण्याचा वैरी कॅप्युलेट, त्याच्या मेजवानीला जाताना रोमिओ म्हणतो, मला मशाल द्या, मी नाचणार नाही, नुसता दिवा धरून उभा राहीन. आणि तिथे ज्युलिएट दिसताच त्याच्या तोंडून निघते की, कसे झळाळावे हे ही मशालींना शिकवते आहे. हातात मशाल धरून आलेल्या माणसालाच ती मशाल फिकी वाटू लागते, एवढा बदल काही मिनिटांत होतो.

दुसऱ्या अंकातील बागेच्या प्रवेशात तो तिच्या खिडकीला पूर्व दिशा म्हणतो आणि तिला सूर्य. हे वाक्य सर्वांना पाठ असते. ते किती वाजता उच्चारले आहे याकडे मात्र क्वचितच कोणी लक्ष देते. ते मध्यरात्री, शत्रूच्या कुंपणाच्या आत उच्चारले आहे. खरा सूर्य त्या क्षणी उगवला असता, तर रोमिओ पकडला गेला असता आणि जिवाला मुकला असता. त्याच प्रवेशात तो म्हणतो की, त्यांच्या नजरेपासून मला लपवायला रात्रीचे पांघरूण आहे. म्हणजे हा मुलगा एकाच दमात सूर्याची स्तुती करतो आणि अंधाराच्या आधाराने उभा राहतो. या नाटकातील प्रकाशाची खरी अडचण इथे आहे : या दोघांना एकमेकांत जो उजेड दिसतो, तो दिसण्यासाठी बाहेर काळोख असावा लागतो. बाहेरचा दिवस भांडणाऱ्या घराण्यांचा आहे. तलवारी निघतात त्या उन्हात, आणि विवाह फळतो तो रात्रीत.

आपल्या विद्यार्थिनीचे उत्तर यातच आहे. रोमिओशी गुपचूप लग्न झालेली ज्युलिएट रात्रीला बोलावते, कारण रात्र हीच तिच्या संसाराला मिळालेली एकमेव खोली आहे. रोमिओला ती 'रात्रीतला दिवस' म्हणते. तो मेल्यावर त्याचे बारीक तारे कापून आकाशात लावावेत, म्हणजे सगळे जग रात्रीच्या प्रेमात पडेल, असेही ती म्हणते. मृत्यूला ती बोलावत नाही. पण मृत्यूचा शब्द तिच्या आनंदाच्या वाक्यात शिरलेला आहे आणि तो तिला ऐकू येत नाही. प्रेक्षकाला येतो, कारण तिचा मामेभाऊ टिबॉल्ट रोमिओच्या हातून मारला गेल्याचे त्याला आधीच्या प्रवेशात कळलेले असते आणि तिला अजून कळायचे असते. विद्यार्थिनीला असे सांगावे की, तुझे वाक्य ज्युलिएटच्या बाजूने चुकीचे आणि नाटककाराच्या बाजूने बरोबर आहे, आणि हा फरक लिहिता आला की उत्तर पहिल्या प्रतीचे झाले.

पाचव्या अंकापर्यंत हा धागा असाच ओढून न्यावा. ज्युलिएट मेली असे समजून तिला जिथे ठेवले आहे त्या थडग्यापाशी तिचा नियोजित वर पॅरिस आपल्या पोऱ्याला मशाल विझवायला सांगतो, कारण त्याला कोणाला दिसायचे नाही. रोमिओ मात्र मशाल घेऊन येतो आणि म्हणतो की, हे थडगे नव्हे, हा तर झरोक्यांचा मनोरा, तिच्या रूपाने हे तळघर दरबारासारखे उजळले आहे. नंतर पहारेकऱ्यांना तो पोऱ्या जागा दाखवतो ती कोणत्या खुणेने? तिथे मशाल जळते आहे, तीच जागा. प्रेमाचा म्हणून जो उजेड पहिल्या अंकात पेटला, तो शेवटच्या अंकात पंचनाम्याच्या कामी येतो.

इथे नाट्यगृहाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. हे नाटक १५९५ च्या आसपास लिहिले गेले, पहिल्यांदा छापले गेले १५९७ मध्ये, आणि त्या काळी लंडनच्या उघड्या नाट्यगृहांत प्रयोग भर दुपारी होत. दिवे नव्हते. म्हणजे ही सगळी रात्र, ताऱ्यांसकट, दुपारच्या उजेडात केवळ शब्दांनी उभी करायची होती. आपल्याकडील मुलांना हे समजावणे सोपे जाते, कारण त्यांनी दशावतार पाहिलेला असतो. जत्रेत रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या खेळात एक साधे बाकडे सिंहासन होते, डोंगर होते, रथही होते, आणि नट 'हे घोर अरण्य' म्हणाला की ते अरण्य असते. फरक इतकाच की आपला नट रात्री शब्दांनी काहीही उभे करतो आणि तो नट दुपारी शब्दांनी रात्र उभी करत होता.

मी हे स्वतः शिकलो तो एका फजितीतून. एप्रिल महिन्यात दुपारी तीन वाजता आम्ही एका शाळेच्या अंगणात शेवटचा प्रवेश बसवत होतो. जांभ्याची भिंत तापलेली, आणि पॅरिसचे काम करणाऱ्या मुलाच्या हातात रॉकेलचा पलिता. उन्हात पलित्याची ज्योत दिसेचना. दिसत होता तो फक्त काळा धूर. 'मशाल विझव, मला दिसायचे नाही' हे वाक्य आले आणि सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मी पलिता काढून टाकला, आणि ते वाक्य हळू, जवळजवळ कानात सांगितल्यासारखे म्हणायला लावले. मुले शांत झाली. वस्तूने जे काम झाले नाही ते आवाजाने झाले. तेव्हापासून प्रतिमा डोळ्यांनी शोधू नका, मोठ्याने वाचून शोधा, असे मी प्रत्येक वर्गाला सांगतो.

आता तारे. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच प्रतिमेतून निघते. नाटकाची प्रस्तावना चौदा ओळींचे सुनीत आहे आणि तिच्यातच या दोघांना ताऱ्यांनी आडवे आलेले प्रेमी म्हटले आहे. मेजवानीला निघताना रोमिओ म्हणतो की, काहीतरी विपरीत ताऱ्यांत लटकते आहे. बागेत तो ज्युलिएटच्या डोळ्यांना आकाशातील दोन सुंदर तारे म्हणतो. ज्युलिएट त्याचे तारे करू पाहते. तिच्या मृत्यूची बातमी कळताच तो ताऱ्यांना आव्हान देतो, आणि शेवटी अशुभ ताऱ्यांचे जोखड झुगारण्याची भाषा करतो. पाहा, एकच वस्तू प्रकाशही आहे आणि नियतीही आहे. ज्या उजेडाने ते एकमेकांना पाहतात, त्याच उजेडात त्यांचे मरण लिहिलेले आहे. आशयसूत्र आणि प्रतिमा वेगवेगळ्या शीर्षकांखाली लिहायला लावणारा तक्ता नेमकी हीच गाठ सोडून टाकतो.

मराठीत शिकवताना इथे एक खड्डा आहे. 'तारे' म्हटले की आपल्याला ग्रह, पत्रिका, साडेसाती आठवते, आणि मुले सरळ लिहितात की, दोघांची पत्रिका जुळत नव्हती. पत्रिका न जुळणे म्हणजे दोघांचा एकमेकांशी मेळ नसणे. इथे मेळ पुरेपूर आहे. आडवे येते ते बाहेरचे. शिवाय एका ठिकाणी 'ग्रह', दुसऱ्या ठिकाणी 'दैव' आणि तिसऱ्या ठिकाणी 'चांदण्या' असा अनुवाद केला, की हा धागा तीन ठिकाणी तुटतो. वाक्य थोडे ओबडधोबड झाले तरी चालेल, पण सगळीकडे 'तारे' हाच शब्द ठेवावा.

तर दोष कोणाचा? शेक्सपिअरने ही कथा आर्थर ब्रुकच्या १५६२ मधील इंग्रजी काव्यावरून घेतली. ब्रुककडे ती महिनोन्महिने चालते; शेक्सपिअरने ती रविवारी सुरू करून जेमतेम चार-पाच दिवसांत संपवली. ब्रुकची नायिका सोळाच्या घरातील, शेक्सपिअरची अजून चौदाचीही नाही. हे दोन्ही बदल त्याने विचारपूर्वक केले आहेत, आणि दोन्ही घाईच्या दिशेने आहेत. घाई मात्र फक्त मुलांची नाही, हे विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटते. पॅरिसशी ठरवलेले ज्युलिएटचे गुरुवारचे लग्न बुधवारवर ओढतो तो तिचा बाप. 'सावकाश, धावणारे ठेचकाळतात' असे रोमिओला बजावणारा धर्मगुरू फ्रायर लॉरेन्स त्याच दिवशी त्या दोघांचे गुपचूप लग्न लावून देतो, आणि शेवटच्या रात्री थडग्याकडे धावताना स्वतःच म्हणतो की, आज माझे म्हातारे पाय कितीदा थडग्यांना ठेचकाळले! ठेच लागण्याची ही प्रतिमा पहिल्यांदा उपदेश म्हणून येते आणि दुसऱ्यांदा प्रत्यक्ष घडते. उलट, घाईची जाणीव ज्यांना नाही असे आपण धरून चालतो, त्यांपैकी ज्युलिएटला ती सर्वांत आधी असते. आपला हा करार फार अचानक झाला, वीज 'चमकली' म्हणेपर्यंत विझते तसा, असे ती पहिल्याच रात्री बोलून दाखवते.

तसेच प्लेगचे. मरताना रोमिओचा मित्र मर्क्युशिओ दोन्ही घराण्यांना प्लेगचा शाप देतो. तिथे प्लेग हा नुसता शब्द आहे. पाचव्या अंकात खरा प्लेग येतो. ज्युलिएटचे मरण खोटे आहे हे कळवणारे लॉरेन्सचे पत्र घेऊन निघालेल्या फ्रायर जॉनला संसर्गाच्या संशयावरून एका घरात कोंडतात, दाराला मोहोर लावतात, आणि पत्र रोमिओपर्यंत पोहोचत नाही. प्लेगमुळे १५९२ ते १५९४ या काळात लंडनची नाट्यगृहे बहुतेक बंदच होती, त्यामुळे त्या प्रेक्षकाला हा योगायोग ओढूनताणून आणलेला वाटला नसावा. पूर्वी माझ्या वर्गाला तो तसा वाटे. २०२० मध्ये मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना गावोगावच्या शाळांत विलगीकरणात ठेवलेले ज्यांनी पाहिले, त्या मुलांनी या प्रवेशावर शंका घेतलेली मला आठवत नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर, तारे आणि घाई यांपैकी एक निवडायला नाटक आपल्याला सांगतच नाही. शाप माणसाने दिलेला आहे आणि रोग आपोआप आलेला आहे, दोन्हींना शब्द एकच आहे, आणि कोणामुळे कोण हे नाटककार उघड करत नाही. परीक्षेत 'नशीब की स्वभाव' असा प्रश्न आला तर विद्यार्थ्याने एक बाजू जरूर घ्यावी, पण दुसऱ्या बाजूची सर्वांत बळकट ओळ स्वतःच उद्धृत करून घ्यावी.

यानंतर जी प्रतिमा मी मांडणार आहे, ती मार्गदर्शिकांत बहुधा नसते, आणि आपल्या किनाऱ्यावरील वर्गासाठी मला तीच सर्वांत मोलाची वाटते : समुद्र. व्हेरोना हे आडिजे नदीकाठचे शहर, समुद्रापासून दूर. नाटकात एकही प्रवेश बंदरावर घडत नाही. तरीही सगळे नाटक गलबतांनी भरलेले आहे. मेजवानीला जाताना रोमिओ म्हणतो की, ज्याच्या हाती माझे सुकाणू आहे त्याने माझे शीड वळवावे. बागेत तो ज्युलिएटला म्हणतो की, मी तांडेल (गलबत हाकणारा) नाही, पण तू सर्वांत दूरच्या दर्याच्या किनाऱ्यावर असतीस तरी अशा मालासाठी मी गलबत हाकारले असते. दाई येताना दिसते तेव्हा तरुणांच्या टोळक्यात 'शीड दिसले, शीड!' असा पुकारा होतो. दोराच्या शिडीला रोमिओ आपल्या आनंदाच्या डोलकाठीवर चढण्याची शिडी म्हणतो. ज्युलिएट म्हणते की, माझे देणे समुद्रासारखे अफाट आहे, जितके द्यावे तितके उरते. रडणाऱ्या ज्युलिएटला बाप हिणवतो की, एवढ्याशा देहात तू गलबत, दर्या आणि वारा तिन्हींचे सोंग आणतेस. आणि शेवटी विषाचा प्याला हातात घेऊन रोमिओ त्या विषालाच हाक मारतो : ये, निराश तांडेला, दर्याला कंटाळलेले हे दमलेले गलबत आता एकदाचे खडपावर घाल.

या ओळीतील मूळ शब्द 'पायलट' आहे, आणि 'नावाडी' असा त्याचा अनुवाद केला की ओळ मरते. नावाडी नदी पार करून देतो. ज्याला खडप कुठे आहेत हे ठाऊक असते, ज्याच्या शब्दावर सगळी खलाशी मंडळी वागते, तो आपल्याकडे तांडेल. हा शब्द मला मिरकरवाडा बंदरातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने दिला. मी ती ओळ वाचली तेव्हा तो म्हणाला, "सर, खडप माहीत असणाराच खडपावर घालतो म्हणजे ते चुकून नाही. बोट चुकून लागते ती नवख्याची." मी एवढी वर्षे ती ओळ केवळ निराशेची म्हणून शिकवत होतो. त्याच्या बोलण्यानंतर मी मागे जाऊन पाहिले. पहिल्या अंकात सुकाणू दुसऱ्या कोणाच्या तरी हाती आहे. दुसऱ्या अंकात रोमिओ कबूल करतो की तो तांडेल नाही, तरी निघायला तयार आहे. पाचव्या अंकात तो तांडेलाला स्वतः नेमतो, आणि नेमतो तो विषाला. हा क्रम म्हणजे नियती आणि इच्छा यांचा वाद आहे, आणि तो एकाही तात्त्विक शब्दाशिवाय, केवळ गलबताच्या भाषेत मांडलेला आहे. आपल्या वर्गात हर्णै बंदरातील मुले असतील. त्यांना ही ओळ समजावून सांगू नका, त्यांनाच विचारा.

स्थानिक अनुभव मदत करतो तसा फसवतोही, त्याची तीन उदाहरणे देतो. दाई सांगते की, ज्युलिएटला चौदावे लागेल ते लॅमस या १ ऑगस्टच्या सणाच्या आदल्या रात्री, म्हणजे ३१ जुलैला, आणि त्याला पंधरवडा आणि वर काही दिवस आहेत. म्हणजे नाटक जुलैच्या मध्यावर घडते. आपल्याकडे तेव्हा होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या, मासेमारी बंद आणि पाऊस कोसळतो आहे. एका विद्यार्थ्याने 'थंड, पावसाळी वातावरणात तरुणांचे रक्त तापते' असे उत्तरपत्रिकेत लिहिले होते. तिसऱ्या अंकाच्या आरंभी रोमिओचा चुलतभाऊ बेन्वोलिओ उकाड्याची तक्रार करतो, असल्या दिवसांत डोकी भडकतात म्हणतो, तो उकाडा आपल्या वैशाखातला समजावा.

दुसरे उदाहरण पहाटेच्या प्रवेशाचे. ज्युलिएट म्हणते, तो नाइटिंगेल होता, लार्क नव्हे. लार्कला चंडोल हा चांगला शब्द आहे. नाइटिंगेलला 'बुलबुल' म्हटले की प्रवेशाचा अर्थ बुडतो, कारण आपला बुलबुल उजाडताच बोलतो. मग दोन्ही पक्षी सकाळचे ठरतात आणि ज्युलिएट कशावर वाद घालते हेच कळत नाही. नाइटिंगेल हा शब्द तसाच ठेवावा आणि तो रात्री डाळिंबाच्या झाडावर गातो, हे तिच्याच ओळीतून दाखवावे. पहाटेच्या गाण्याला आपण भूपाळी म्हणतो आणि ती उजाडण्याचे स्वागत करते. इथे पहाट दारात आहे आणि तिला आत घ्यायचे नाही, म्हणून हा प्रवेश भूपाळीच्या उलट्या बाजूसारखा वाचला तर मुलांना चटकन कळतो. 'उजेड वाढतो आहे आणि आपले दुःख काळे होत आहे' ही रोमिओची ओळ तिथेच आहे. प्रकाशाचा तक्ता मोडण्यासाठी एकच ओळ निवडायची असेल तर मी हीच निवडेन.

तिसरे, फुलावरील हिमाचे. ज्युलिएट मेली असे समजून बाप म्हणतो की, साऱ्या रानातील गोड फुलावर अवेळी हिम पडावे तसा मृत्यू तिच्यावर पडला आहे. मी पूर्वी हे समजावताना अवकाळी पावसाने काळवंडलेल्या आंब्याच्या मोहोराचा दाखला देत असे, आणि वर्गाला तो लगेच पटे, कारण त्या नुकसानीची झळ घरोघरी लागलेली असते. नंतर मी तो सोडला. बाप हे वाक्य बोलतो ते तिला हात लावून, ती गार पडली आहे, सांधे ताठरले आहेत असे म्हणत. प्रतिमेतील गारठा त्याच्या बोटांतून आलेला आहे. मोहोराच्या दाखल्यात अवेळीपणा येतो, गारठा येत नाही. दाखला द्यायचाच असेल तर द्यावा, पण लगेच मूळ ओळीकडे परत यावे.

फ्रायरच्या वनस्पतींबद्दल फार लिहीत नाही. एकाच फुलात विष आणि औषध, हे ज्यांनी काजऱ्याचे झाड पाहिले आहे आणि ज्यांच्या घरी वैद्याने त्याच्याच बियांचा शुद्ध केलेला कुचला दिलेला आहे, त्यांना एका वाक्यात कळते. लग्न आणि थडगे यांची अदलाबदलही मुलांना स्वतःच सापडते. ज्युलिएट रोमिओचे नाव कळण्याआधीच म्हणते की, त्याचे लग्न झालेले असेल तर थडगे हीच माझी लग्नशेज, आणि चौथ्या अंकात बाप मृत्यूला जावई म्हणतो. एवढ्या दोन ओळी देऊन मधल्या ओळी शोधायला सांगाव्यात.

चार तासिकांची वाटणी मी अशी करेन. पहिलीत कोणताही अर्थ सांगू नये. बागेचा प्रवेश मोठ्याने वाचून घ्यावा आणि प्रत्येक उजेडाच्या शब्दापुढे बोलणाऱ्याचे नाव व प्रहर लिहायला लावावा. दुसरीत तारे आणि घाई, आणि त्यात प्रस्तावनेच्या सुनीताबरोबर मेजवानीतील पहिली भेट ठेवावी, कारण तिथेही दोघांचे संवाद मिळून चौदा ओळींचे सुनीतच होते. हे मुलांनी ओळी मोजून स्वतः शोधले पाहिजे. तिसरी पूर्ण समुद्राला द्यावी. परीक्षेच्या उत्तरासाठी नमुना हवा असेल तर तो साधारण असा असावा : "पहिल्या अंकात रोमिओ आपले सुकाणू दुसऱ्याच्या हाती सोपवतो, पाचव्या अंकात तो विषाला तांडेल म्हणून बोलावतो. त्यामुळे त्याचा मृत्यू ताऱ्यांनी लादलेला आणि त्याने स्वतः निवडलेला, असा दोन्ही प्रकारे दिसतो." एक निरीक्षण, दोन स्थळे, एक निष्कर्ष. 'शेक्सपिअरने प्रतिमांचा सुंदर वापर केला आहे' या वाक्याला मी कधीही गुण दिले नाहीत.

चौथी तासिका शक्य असेल तर सकाळची पहिली घ्यावी आणि तीत फक्त शेवटचा प्रवेश वाचावा. व्हेरोनाचा सत्ताधीश प्रिन्स म्हणतो की, ही सकाळ मळभ भरली शांतता घेऊन आली आहे, दुःखाने सूर्य डोके वर काढणार नाही. इतका वेळ जो दिवस शत्रूंचा होता, तो अखेर उगवतो तेव्हा त्यात सूर्यच नाही, आणि दोन्ही बाप एकमेकांच्या मुलांचे सोन्याचे पुतळे उभारण्याचे बोलत आहेत. इथे पुस्तक मिटण्याआधी त्या मागच्या बाकावरील मुलीला पुन्हा एकदा विचारावे की, आता तक्त्यात 'प्रकाश' या शब्दापुढे ती काय लिहील.